हो असेल तर पुढे, नाही असेल तर उडी

आमच्या ऑफिसातले किस्से कोणी लिहून ठेवत नाही, आणि तशी गरजही पडत नाही. सकाळी एखादा सर्व्हे लोकांच्या फोनवर जातो, दुपारपर्यंत आमच्यापैकी कोणीतरी डोक्याला हात लावून बसतं, आणि संध्याकाळी ती गोष्ट जिना उतरून खालच्या फरसाणच्या दुकानात पोचलेली असते. दुसऱ्या दिवशी नवी. जुनीवर धड हसून व्हायच्या आत नवी. खरं सांगायचं तर हसण्याचाही थकवा येतो.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा मावशी, मैत्रिणी, सगळ्या कोंडाळं करून बसल्या. सांग, सासरचं सांग. मी ऑफिसचं सांगत राहिले. सासरचं अजून साठायचं होतं.

काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या नवऱ्यालाही ते दोनदा समजावून द्यावं लागलं. आम्ही ऑनलाइन सर्व्हेचे प्रश्न बनवतो. प्रश्न काय, कोणीही बनवेल. आमचं कौशल्य असं की तुम्ही दिलेल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो. चहा पिता का? हो म्हणालात तर साखर किती ते विचारणार. नाही म्हणालात तर साखर, दूध, आलं, सगळं ओलांडून थेट नाश्त्यावर. या ओलांडण्याला आमच्यात ‘उडी’ म्हणतात. भरणाऱ्याला वाटलं पाहिजे की समोरचा आपलं ऐकून घेतोय. प्रत्यक्षात समोर प्रणय असतो.

प्रणय कॉम्प्युटरवर उड्या बसवतो. मी प्रश्न लिहिते. सुजाताताई टॅबलेट घेऊन लोकांच्या घरी जातात, म्हणजे ज्यांच्याकडे फोन नाही किंवा आहे पण त्यावर आमचा सर्व्हे भरायची इच्छा नाही, अशांच्या. आणि सर हे सर आहेत. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात फरसाणच्या दुकानावर दोन खोल्या, एवढंच ऑफिस. तळणीचा वास पगाराबरोबर मिळतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. माझ्या लग्नाआधी सर म्हणाले होते, “कामठी-कन्हानचं मोठं काम येतंय, बायकांच्या कामावरचं. आलं की लीड तू.” लीड म्हणजे त्या कामाची सगळी जबाबदारी, आणि मुख्य म्हणजे नोकरी पक्की. नाहीतर माझा करार उन्हाळ्यापर्यंतचा, मग राम राम. पुढे माझं लग्न झालं, तेही नेमकं कामठीत. मग ते कामही आलं. आणि सर त्या विषयावर गप्प झाले. हो नाही, नाही नाही. मला तो प्रकार ओळखीचा वाटला. सरांच्या डोक्यात उडी बसली होती. लग्न झालं आहे का? हो. मग पुढचा विभाग विचारू नये.

मी विचारू शकत होते. पण मी दिवसभर दुसऱ्यांसाठी प्रश्न लिहिते. स्वतःचा विचारायची वेळ आली की दुसऱ्यांचाच आणखी एक लिहायला घेते. घरीही तेच. नवरा म्हणाला, “तुझं तू पाहा.” सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत. ना नोकरी कर, ना सोड. शेजारणी मात्र विचारायच्या, “मंग, काम सोडशील ना वं आता?” त्यांना मी हसून दाखवायचे.

*

एकदा प्रणयच्या डोक्यात आलं की सर्व्हेत आपुलकी पाहिजे. त्यानं अशी सोय केली की पहिल्या प्रश्नात माणसानं नाव टाकलं, की पुढच्या प्रत्येक प्रश्नात ते नाव आपोआप येणार. “रमेश जी, आपलं वय किती?” “रमेश जी, आपण कुठे राहता?” सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतःचं नाव टाकून तीनदा भरलं.

सर्व्हे गेला. चौथा की पाचवा माणूस असेल. ‘आपलं नाव काय?’ या चौकोनात त्यानं लिहिलं, ‘कायले पाहिजे’. म्हणजे, कशाला हवंय.

पुढे सगळं आपुलकीनं झालं. “कायले पाहिजे जी, आपलं वय किती?” बेचाळीस. “कायले पाहिजे जी, आपल्या घरी नळाला रोज पाणी येतं का?” एक दिवस आड. “कायले पाहिजे जी, आपण वस्तीतल्या रस्त्यांबाबत समाधानी आहात का?” नाही. त्या भल्या माणसानं एकही प्रश्न सोडला नाही. आम्ही तिघं प्रणयच्या खुर्चीमागे उभं राहून वाचत होतो.

शेवटचा प्रश्न होता, “कायले पाहिजे जी, आपल्याला आणखी काही सांगायचं आहे का?”

त्यानं लिहिलं होतं, ‘एवढं सगळं सांगतलं. आता तरी सांगा.’

*

सुजाताताई कन्हानला एका मोठ्या घरी गेल्या होत्या. एकत्र कुटुंब, चुली दोन, माणसं सोळा. आमच्या त्या सर्व्हेत घरातल्या प्रत्येक माणसासाठी तेच बारा प्रश्न फिरून फिरून येत: नातं काय, शिक्षण किती, काम काय, आजारपण काय. हे फिरवणं माझंच. ऑफिसात तिघांचं कुटुंब धरून तपासलं होतं. छान चाललं होतं.

घरच्या थोरल्या बाई ओट्यावर बसून उत्तरं देत होत्या. पहिल्या माणसाचे बारा प्रश्न झाले. दुसऱ्याचे झाले. चौथ्याच्या वेळी बाईंनी विचारलं, “किती राहिले?”

“बारा जण, काकू.”

बाईंनी वळून आत चुलीकडे पाहिलं. मग सुजाताताईंनी पाचव्या सदस्याचं विचारलं, तर म्हणाल्या, “तो नागपूरले राहते.” बाहेर राहणाऱ्याला उडी, प्रश्न नाहीत. सहावा? “तो बी नागपूरले.” सातवी? “तिले बी नेलं त्यानं.”

आठव्या सदस्याचं नाव येतं न येतं तोच तो सदस्य हातात भाजीची पिशवी घेऊन दारात आला. आपलं नाव ऐकून म्हणाला, “काय झालं? मी आहो ना.”

“तू नागपूरले आहेस,” बाई म्हणाल्या. “चूप आत जाय.”

सुजाताताईंनी परत येऊन टॅबलेट माझ्यासमोर ठेवला. “मयूरी, असे प्रश्न ठेवशील तर घरं मोडतील वं लोकाइची.”

मी त्याच दिवशी प्रश्न कमी केले. पण अहवाल सरांनी आधीच लिहायला घेतला होता. त्यात एक परिच्छेद होता: कन्हान परिसरातून नागपूरकडे होणारं स्थलांतर चिंताजनक आहे.

*

हा सर्व्हे आमचा नव्हता. एका प्रवास कंपनीचा होता, प्रश्न आणि उड्या त्यांच्याच कुठल्यातरी लांबच्या ऑफिसात बसवलेल्या. आम्ही फक्त मराठी करून तपासून द्यायचं. सुजाताताई तपासायला बसल्या.

ताई नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली याच शहरात दीक्षा घेतली. ही गोष्ट त्या फारशी सांगत नाहीत, कारण इथे ती सांगावी लागत नाही.

नाव टाकलं. वय टाकलं. धर्म: बौद्ध. पुढे दाबलं.

पडद्यावर आलं, ‘भारतात आपलं स्वागत आहे.’

ताईंनी चष्मा पुसला. पुढचा प्रश्न: ‘भारतीय जेवण आपल्याला तिखट वाटतं का?’ ताई आदल्या दिवशीच सावजीचं जेवण डब्यात घेऊन आल्या होत्या. तो डबा उघडल्यावर प्रणय खोलीबाहेर जाऊन शिंकला होता. त्यांनी शांतपणे ‘नाही’ दाबलं.

‘आपण भारतात किती दिवस राहणार आहात?’

“जलमभर,” ताई म्हणाल्या आणि तसंच लिहिलं. लाल अक्षरांत आलं, ‘कृपया अंकात उत्तर द्या.’ ताईंनी बोटांवर काहीतरी हिशोब केला आणि चांगला लांबलचक आकडा टाकला.

सर्व्हेनं क्षणभर विचार केला. मग सांगितलं, ‘इतक्या मुक्कामासाठी आपला व्हिसा तपासून घ्यावा.’

मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. प्रणय खुर्चीत बारीक झाला होता, जणू ते त्यानंच केलं असावं.

“सरांना दाखवू का?” मी विचारलं.

“दाखव ना,” ताई म्हणाल्या आणि डबा उघडला. “मी जेवून घेते. मग पाहते सामान बांधायचं.”

*

कामठी-कन्हानच्या कामाआधी आम्ही नागपुरातच एका गल्लीत छोटी चाचणी घेतली. पहिला प्रश्न असा: ‘आपल्या घरी रोज स्वयंपाक होतो का?’ हो असेल तर पुढे कोण करतं, किती वेळ लागतो, गॅस की चूल, असा मोठा विभाग. नाही असेल तर उडी आणि धन्यवाद. आता कोणाच्या घरी स्वयंपाक होत नाही? तो प्रश्न नुसता उंबरठ्यासारखा ठेवलेला.

संध्याकाळी आकडे पाहिले तर पहिलं घर सोडून गल्लीत कोणाच्याच घरी स्वयंपाक होत नव्हता.

सर गंभीर झाले. ‘भूक’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला. सुजाताताई म्हणाल्या, “सर, मी तिथं उभी होती. फोडणीनं डोळे चुरचुरत होते माझे.”

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा गेल्या. तिसऱ्या घरची बाई हाताला बेसन लागलेलं, तशीच दारात आली. “ताई, पह्यल्या घरच्या लताबाईनं ‘हाव’ म्हटलं तर तुमी तिले अर्धा घंटा बसवून ठेवलं. दूध उतू गेलं तिचं. तिनं सगळ्यांइले सांगून ठेवलं, पह्यल्याच प्रश्नाले ‘नाई’ म्हणा, सुटता.”

सरांनी उपाय काढला. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही तेवढेच प्रश्न विचारायचे: का होत नाही, मग काय खाता, कुठून आणता. म्हणजे दोन्ही वाटा सारख्याच लांब, पळायला जागा नाही. प्रणयनं एका दिवसात ते बसवलं. सर खूश.

त्या संध्याकाळचे आकडे मी वाचले.

आपल्या घरी रोज स्वयंपाक होतो का? माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही. शेवटच्या घरापर्यंत.

मला त्या बायकांचा राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी कामठीला बसमधून उतरून घरी येताना शेजारच्या काकूंनी नेहमीचं विचारलं, “मंग, कधी सोडतेस वं नोकरी?” तर मी पहिल्यांदाच उत्तर दिलं. “माहीत नाही,” म्हटलं. खरोखरच सुटले.

*

सरांना एकदा वाटलं, आपण जगाचं मत घेतो, आपल्या लोकांचंही घ्यावं. निनावी. आम्ही माणसं तीन.

प्रणयनं तो फॉर्म जेवणाच्या सुट्टीत बनवला. ‘आपण या नोकरीत समाधानी आहात का?’ हो म्हटलं तर धन्यवाद. नाही म्हटलं तर ‘कारण सांगा’. कारण सांगून पुढे दाबलं की पुन्हा येणार, ‘आपण या नोकरीत समाधानी आहात का?’

मी पहिल्यांदा लिहिलं, पंखा. फिरून आले. लिहिलं, तळणीचा वास. फिरून आले. तिसऱ्या वेळी ‘कामठीच्या कामाचं काय झालं’ असं लिहिलं आणि खोडलं, कारण तिघांतला कोण कामठीचा ते निनावी राहिलं नसतं. लिहिलं, पंखाच. फिरून आले. मग ‘हो’ दाबलं आणि पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले. “शंभर टक्के समाधान,” म्हणाले. “असं ऑफिस दाखवा मला नागपुरात.”

सुजाताताई पेढा खाता खाता माझ्याजवळ सरकल्या. “मी पाच येळा ‘नाई’ म्हटलं वं.”

“मी तीन.”

आम्ही दोघींनी प्रणयकडे पाहिलं. तो पेढ्याचा कागद घडी घालत होता. “माह्याकडे पाहू नका,” तो म्हणाला. “मी स्वतः त्यात अडकलो होतो. घरी जाले उशीर झाला मले.”

*

खालचे काका म्हणजे आमचे घरमालक. सिंधी, पण आमच्यापेक्षा पक्कं नागपुरी बोलतात. दुकान आता मुलाकडे आहे. काका गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर नमस्कार घेतात. शेव कोणती तळायची, नवा माणूस ठेवायचा का, हे मुलगा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे कारागिराशी बोलतो. आमचा प्रत्येक नवा सर्व्हे बाहेर जायच्या आधी काका भरून पाहतात. सरांनी त्यांना ते काम दिलं आहे आणि काका ते मनापासून करतात.

एक सर्व्हे होता, लोकांच्या पुढच्या बेतांबद्दल. काकांनी वय टाकलं एकाहत्तर. साठच्या वर असेल तर प्रणयची उडी थेट आरोग्यावर होती. रक्तदाब आहे का. साखर आहे का. जिना चढताना गुडघे दुखतात का. रात्री किती वेळा उठावं लागतं. धन्यवाद.

काकांनी फोन खाली ठेवला नाही. मी चहाला खाली उतरले तेव्हा ते पुन्हा भरत होते, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. परत जाताना पाहिलं, तरी भरतच होते.

दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आले. धाप ओसरेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले. मग प्रणयला म्हणाले, “मी काल वय चौतीस टाकून पाह्यलं.”

“काहून काका?”

“पाह्यलं. चौतीसवाल्याले तर बम पुसता गा तुमी. नवीन धंदा काय करणार, कुठं फिराले जाणार, काय शिकाचं आहे. अन् माह्या गुडघ्यावर येऊन गाडी थांबवता.”

प्रणयचे कान लाल झाले. “बदलतो काका. आजच बदलतो.”

“बदल, नको बदलू. मी भरून टाकलं.”

“काय भरलं काका?” मी विचारलं.

काकांनी जिन्याकडे एकदा पाहिलं. “बेकरी,” म्हणाले. “फरसाण आता गल्लोगल्ली झालं. बाजूची खोली रिकामीच आहे. तिथं भट्टी लावतो म्हटलं. टोस्ट, खारी, नानकटाई.”

“छान आहे की. मुलाला सांगितलं?”

“नाई,” काका उठत म्हणाले. “त्यानं पुसलं नाई ना अजून.”

*

शेवटी कामठीचा पायलट आला. पायलट म्हणजे खरं काम सुरू व्हायच्या आधीची रंगीत तालीम, दोन-चार घरी प्रश्न विचारून पाहायचे. सरांनी सांगितलं की पायलट ते स्वतः घेतील, आणि तो झाला की लीड कोण ते जाहीर करतील.

प्रणय मला जिन्यावर गाठून म्हणाला, “मले नको आहे ते काम. कन्हानले उन्हात कोण फिरन? पण सर मलेच देऊन राहिले.”

“मग नाही म्हण.”

“सर पुसतील तर नाई म्हणीन ना. पुसतच नाई.”

सर, सुजाताताई आणि मी कामठीला पोचलो. पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घरी बारसं होतं; आम्हाला घुगऱ्या मिळाल्या, उत्तरं मिळाली नाहीत. तिसऱ्या घरची बाई माहेरी गेलेली. सरांनी रुमालानं मान पुसली आणि ज्याची मला ऑटोतून उतरल्यापासून भीती वाटत होती तेच म्हणाले, “मयूरी, तुझं घर इथंच ना कुठं?”

सासूबाई घरी साड्यांना फॉल-पिको करून देतात. आम्ही गेलो तेव्हा मशीनवर जांभळी साडी चढवलेली होती. मी सगळ्यांची ओळख करून दिली, पाणी दिलं, चहा ठेवला. सासूबाई म्हणाल्या, “पुसा. हात चालू ठेवते मी, गिऱ्हाईक येणार आहे.”

सर दिवाणावर टॅबलेट घेऊन बसले. “काकू, आपण घरी राहून काही कमाईचं काम करता का?”

“दिसून नाई राह्यलं का?”

“तसं नाही काकू. पर्याय असतात. रोज, अधूनमधून, फक्त हंगामात, करत नाही. आधी सगळे पर्याय ऐकायचे, मग उत्तर द्यायचं. नियम आहे.”

“रोज.”

“या कामाबद्दल निर्णय कोण घेतं?”

“मीच…”

“पर्याय, काकू. स्वतः, पती, मुलगा, सगळे मिळून.”

सासूबाईंनी सुईवरची नजर न हलवता सगळे ऐकून घेतले. “पह्यलं.”

“घरातली आणखी कोणी स्त्री बाहेर कामाला जाते का? हो, नाही.”

“हाव. सून.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ‘हो’ म्हटल्यावर कोणता विभाग उघडतो ते मला पाठ होतं. मीच लिहिला होता.

“ती काय काम करते?” सरांनी विचारलं आणि लगेच पर्याय वाचायला घेतले. शेतमजुरी, कारखाना, दुकान, घरकाम, शिक्षण, इतर.

“तुमच्या हातात आहे ते,” सासूबाई म्हणाल्या. “हे प्रश्न तिनंच तर लिहिले.”

मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना एवढंच माहीत आहे की मी बसने जाते आणि बसने येते.

सरांनी ‘इतर’ दाबलं. पुढचा प्रश्न वाचायच्या आधी त्यांनी घसा साफ केला. “पुढील वर्षी ती हे काम सुरू ठेवणार आहे का? सुरू ठेवणार. सोडणार. घरचे ठरवतील. अजून ठरलेलं नाही.”

मशीन चालू होतं. मी फरशीकडे पाहत होते. ऑफिसात बसून लिहिताना ते चार पर्याय मला फार नीटनेटके वाटले होते.

“हे मले काहून पुसता?” सासूबाई म्हणाल्या. “ती थ्या दारात उभी आहे. तिले पुसा.”

“काकू, सर्व्हे तुमचा आहे ना. उत्तर तुम्हीच द्यायचं. तसं लॉजिक बसवलंय.”

“बरं. मंग मी एक पुसू तुमाले?”

“विचारा ना.”

“पुढं काय कराचं आहे, हे तुमी पुसलं का तिले?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “म्हणजे, लग्नाआधी बोललो होतो आम्ही.”

“लग्नानंतर?”

“नाही. तसा विषय अजून…”

“नाई पुसलं. काहून नाई पुसलं?”

सुजाताताईंनी ओढणी तोंडाला लावली आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

“नवीन लग्न,” सर म्हणाले. “घरची जबाबदारी आली. म्हटलं, तिची ओढाताण नको.”

“घरी किती जबाबदारी आहे, हे घरी येऊन पुसलं?”

“नाही.”

सासूबाईंनी साडीचा काठ पुढे सरकवला. “तुमचं हे यंत्र बरं आहे. त्याले एक सांगतलं का ते दुसरं तरी पुसते.”

सरांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. आत चहा उकळून वर येत होता आणि कोणी गॅस बंद करायला जात नव्हतं, मीसुद्धा.

“मयूरी,” सर म्हणाले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. “हे कामठीचं काम, लीड म्हणून, करशील का तू?”

मी तोंड उघडलं.

सासूबाईंनी मशीनच्या चाकावर तळवा ठेवून ते थांबवलं.

“थांब वं,” त्या मला म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. “आधी पर्याय सांगा तिले. सगळे.”